पुढची तारीख कळायची आहे

माझ्या मावशीचं लग्न ठरलं त्याच महिन्यात तिच्या होणाऱ्या नवऱ्याला जिल्हा तुरुंगावर जेलर म्हणून नेमल्याचं पत्र आलं, आणि त्या पत्रात एक अट तिच्यासाठीही होती. जेलर विवाहित असावा आणि त्याच्या पत्नीने बंद्यांचा दोन वेळचा स्वयंपाक करावा. मावशी सांगायची, "लग्न ठरताना मला गाता येतं का, विणता येतं का, काही म्हणजे काही विचारलं नाही. विचारलं एवढंच, तीस माणसांचा भात लावता येईल का?" तिने बेधडक हो म्हणून टाकलं. तोवर सहा माणसांच्या वर तिने कधी भात लावला नव्हता. पहिल्या दिवशी निम्मा करपला आणि निम्मा कच्चा राहिला, आणि मागच्या बाजूने कुणीतरी ओरडलं, "साहेब, ही शिक्षा कोर्टाने सांगितली नव्हती!" मावशी तेव्हा बावीस वर्षांची होती. तोंडाला पदर लावून ती हसली होती, आणि तिचा नवरा, माझा काका, मात्र कोण बोललं ते शोधत फिरत होता.

ती इमारत कोर्टाच्या मागच्या गल्लीत होती. काळ्या दगडाची, दुमजली. ज्या मंडळींनी ती बांधली त्यांनी त्याआधी फक्त कोठारं बांधली होती म्हणे, आणि ते पटायचं. भिंती हातभर जाड, खिडक्या डोक्याच्याही वर, आणि आत शिरल्यावर उन्हाळ्यातही अंगावर येणारा गारवा. पुढचा निम्मा भाग जेलरचं घर. खाली दोन खोल्या, वर दोन, खिडक्यांना पडदे, पायऱ्यांवर कुंड्या. नवख्या माणसाला वाटायचं, कुणा वकिलाचं घर असेल. मागचा निम्मा भाग तुरुंग. खाली आठ कोठड्या, वर आठ, मागे उंच भिंतीचं अंगण. आणि या दोन निम्म्यांच्या बरोबर मधे स्वयंपाकघर. त्याचं एक दार घरात उघडायचं आणि दुसरं, लोखंडी, तुरुंगात. लोखंडी दाराशेजारी भिंतीत ताट जाईल एवढी खिडकी होती. तिच्यातून ताटं जायची, रिकामी परत यायची. लहानपणी मी सुट्टीत तिथे राहायला जायचे, तेव्हा मला त्या खिडकीतून फक्त हात दिसायचे. मावशी हातांवरून माणसं ओळखायची.

काकाचं अक्षर भयंकर होतं. वरचे साहेब तपासणीला आले की स्वतःचं लिहिलेलं त्याला स्वतःलाच वाचता यायचं नाही. मावशी शाळा पुरी शिकलेली, अक्षर छापल्यासारखं. त्यामुळे वर्षभरातच तुरुंगाची रजिस्टरं तिच्याकडे आली. दर महिन्याच्या एक तारखेला ती जेवणाच्या टेबलावर मोठं रजिस्टर उघडायची आणि मागच्या महिन्याची नावं नव्या पानावर उतरवून काढायची. नाव, वय, आरोप, कधी आला, पुढची तारीख. कुणाची शिक्षा संपली, कुणाला जामीन मिळाला, कुणाला मोठ्या तुरुंगात हलवलं, तशी नावं गळत जायची, नवी यायची.

ती सव्वीस वर्षांची असताना सुतार आला.

तिशीचा, उंच, खांदे जरा वाकलेले. एका गोदामाच्या दारांचं काम करत होता. संध्याकाळी गोदामाला आग लागली आणि आतला रखवालदार गेला. लाकूड चिकटवायचा सरस तापवायची शेगडी सुताराने पेटती ठेवली, असा आरोप. तो पहिल्या दिवसापासून एकच सांगत होता, "शेगडी विझवली होती मी. राखेवर पाणी ओतलं होतं." त्याच्यासाठी जामीन राहील असं कुणी नव्हतं. दर पंधरा दिवसांनी त्याची बायको यायची, कडेवर दीड वर्षाची मुलगी. भेटीच्या खोलीत जाळीपलीकडून सुतार मुलीला बोट दाखवायचा आणि ती ते धरायला बघायची. जाळी बारीक होती. बोटाचं टोक तेवढं बाहेर यायचं.

कोठडीचा एक दरवाजा करकरतो म्हणून त्याने पहिल्याच आठवड्यात काकाकडे तेल आणि कानस मागितली. मग दुसरा दरवाजा, मग जिन्याची पायरी, मग घराच्या खिडक्या. अंगणातल्या पडवीत काकाने त्याला हत्यारं ठेवायला जागा दिली. संध्याकाळी हत्यारं मोजून परत घ्यायची, एवढाच नियम. मावशीच्या मुलाला, माझ्या मावसभावाला, त्या पडवीचं वेड लागलं. चार वर्षांचा होता. रंध्यातून निघणाऱ्या लाकडाच्या सालपटांच्या गुंडाळ्या तो कानांवर लावून फिरायचा. सुतार त्याला "छोटे साहेब" म्हणायचा. "छोटे साहेब, आज काय हुकूम?" तो म्हणायचा, "खुर्ची कर!" आणि सुतार सलाम ठोकायचा.

सुतार येऊन दोन वर्षं झाली होती तेव्हा त्या मुलाला घसा आला. घसा म्हणता म्हणता ताप, ताप म्हणता म्हणता श्वास अडकायला लागला, आणि पाचव्या दिवशी सकाळी तो गेला.

मावशीला त्या आठवड्यातलं फार थोडं आठवायचं. जे आठवायचं ते असं: मागच्या अंगणातून हातोडीचा आवाज येत होता, खूप हळू, जणू ठोकणाऱ्याला खिळ्याला दुखवायचं नव्हतं. सुताराने मुलासाठी पेटी केली होती. कुणी सांगितलं नव्हतं. माप त्याला विचारावं लागलं नाही. आतून त्याने ती इतकी घासून गुळगुळीत केली होती की काकाने हात फिरवला आणि तो तिथेच खाली बसला. त्या दिवशी स्वयंपाक शेजारच्या खाणावळीतून आला, आणि सोळा कोठड्यांतून ताटं जशीच्या तशी परत आली.

आठ-दहा दिवस काकाने कचेरीत पाऊल टाकलं नाही. जुना शिपाई होता, तोच सगळं बघत होता. आलेलं टपाल तो बांधून ठेवत होता. भेटी त्याने बंद ठेवल्या होत्या.

त्यानंतर सुताराची बायको भेटीला आली नाही.

एक महिना गेला, दोन गेले. सुतार वाट बघायचा. भेटीच्या दिवशी अंघोळ करून, केस ओले करून, बसवून तयार असायचा. सहा महिन्यांनी त्याने ते सोडलं. मावशीने एकदा खिडकीतून ताट देताना विचारलं, "घरचं काही कळलं का?" तो म्हणाला, "तरुण आहे ती, बाई. कुठवर जाळीत तोंड घालून बसणार? तिने तिची वाट धरली असेल. बरंच झालं." ताट घेतलेला हात मात्र तसाच बराच वेळ खिडकीत राहिला.

आपल्या तारखेची तो दर महिन्याला चौकशी करायचा. काका म्हणायचा, "कोर्ट कळवेल." दोनदा त्याने अर्ज केला. दोन्ही अर्ज मावशीनेच लिहून दिले, तिच्या सुंदर अक्षरात. उत्तर आलं नाही. मधे दोन जिल्हे एक झाले, कोर्ट नव्या इमारतीत गेलं, कागदांच्या बैलगाड्या भरून गेल्या. काका म्हणाला, "हलवाहलवीत वेळ लागायचाच." वर्षातून एकदा तपासणीचे साहेब यायचे. रजिस्टरातली नावं मोजायचे, मग माणसं मोजायचे. आकडा जुळला की चहा घेऊन जायचे. आकडा नेहमीच जुळायचा.

आणि मावशी दर महिन्याच्या एक तारखेला नव्या पानावर त्याचं नाव उतरवायची. वय दरवर्षी एकाने वाढवायची. शेवटच्या रकान्यात लिहायची, "पुढची तारीख: कळायची आहे."

वर्षं अशी गेली. सुतार त्या इमारतीचा भाग होऊन गेला. वरच्या मजल्याचं छत गळायला लागलं, ते त्याने बदललं. सोळा दरवाज्यांच्या चौकटी बदलल्या. वाळवीने खाल्लेला जिना नवा केला. मावशीच्या स्वयंपाकघरात त्याने भिंतभर कपाट करून दिलं, खालच्या कप्प्यांना अशा खोबणी की मोठी पातेली न वाकता ओढून काढता यावीत, कारण तोवर मावशीची कंबर धरायला लागली होती. मावशीला परत मूल झालं नाही. कधी दुपारी लोखंडी दार उघडं टाकून ती भाजी निवडत बसायची आणि पलीकडच्या पायरीवर सुतार करवतीला धार लावत बसायचा. तो आता डोकं पूर्ण पांढरं झालेला माणूस होता. नवे कैदी त्याला तुरुंगाचाच नोकर समजायचे. एकाने तर त्याला विचारलं होतं, "काका, तुमची ड्यूटी किती वाजता सुटते?"

सुतार म्हणाला होता, "कळायची आहे."

ही गोष्ट मावशीने मला हसत सांगितली होती, त्या काळात. तेव्हा मीही हसले होते. मी तेव्हा कॉलेजात होते, मला एवढं तरी विचारता आलं असतं की मावशी, या माणसाला शिक्षा किती झाली आहे? मी विचारलं नाही.

मग गावाबाहेर नवा तुरुंग बांधून झाला. जुनी इमारत रिकामी करायचा हुकूम आला. काकाच्या निवृत्तीला चार महिने होते. कचेरीतली चार लोखंडी कपाटं उघडून एकेका कागदाची यादी करायची होती, आणि ती अर्थातच मावशीच्या गळ्यात पडली. ती सत्तेचाळीस वर्षांची होती, चष्मा लागला होता. रोज दुपारी जेवणं आटोपली की ती कचेरीत जमिनीवर सतरंजी टाकून बसायची आणि धुळीने शिंका देत यादी करायची.

तिसऱ्या कपाटाच्या तळाशी तिला एक छोटा गठ्ठा मिळाला. जुन्या शिपायाने फडक्याच्या पट्टीने बांधलेला. शिपाई कधीच वारला होता. वर चिठ्ठी होती, त्याच्या गिचमिड अक्षरात: "साहेबांना बरं वाटल्यावर दाखवणे."

आत अकरा पाकिटं होती. एकही फोडलेलं नव्हतं. तिने एकेक फोडलं. दोन सांत्वनाची पत्रं. एक चुन्याच्या दराबद्दलचं परिपत्रक. बाकीची अशीच. आणि एक कोर्टाचं. गोदामाच्या मालकाच्या भावाने जबानी दिली आहे की आग आतल्या विजेच्या तारांमुळे लागली होती. सबब सुतारावरचा खटला काढून टाकण्यात येत आहे. त्याला तात्काळ सोडावे.

मावशीने तारीख बघितली. मुलगा गेला त्याच्या दुसऱ्या दिवशीची होती.

ती मला म्हणाली, "मी तो कागद वाचला आणि पहिल्यांदा मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, हे कुणाचं तरी दुसऱ्याच सुताराचं असेल. मी नाव तीनदा वाचलं. नाव मीच दर महिन्याला लिहीत होते ना. माझ्याइतकं ते कुणाला पाठ असणार?"

काका अंगणात होता. तिने त्याला आत बोलावलं आणि कागद पुढे केला. त्याने उभ्या उभ्या वाचला, मग खुर्ची ओढून बसला. कागदाची घडी घालत म्हणाला, "हे कुणी कुणी बघितलं?"

"मी."

"अजून कुणी?"

"अहो, मी बघितलं ना."

"चार महिने राहिलेत मला," काका म्हणाला. "आता हे बाहेर काढून कुणाचं भलं होणार आहे? नव्या तुरुंगात गेला की मी तिथल्या साहेबांना सांगतो, त्याची तारीख लावून घ्या म्हणून. महिन्याभरात सुटेल. कुणाला काही कळायचंही नाही."

"त्याला एकोणीस वर्षं झाली."

"मला माहीत आहे किती झाली!" काका ओरडला. मग आवाज खाली आणून, तिच्याकडे न बघता म्हणाला, "पाचव्या-सहाव्या वर्षी मी पत्र लिहायला घेतलं होतं. वरच्या साहेबांना, की बाबा, या माणसाचं काय झालं बघा. अर्धं लिहून झालं होतं. तेव्हा छत उघडं टाकलेलं होतं. म्हटलं, छत होऊ दे, मग पाठवू."

मावशी म्हणाली, "आणि मग मला कपाट हवं होतं."

मावशी सांगायची की काका त्या क्षणी तिला जितका म्हातारा दिसला तितका मरतानाही दिसला नाही. तिने कागद त्याच्या हातातून घेतला. त्याने तो धरून ठेवला नाही. "तुम्ही मॅजिस्ट्रेटसाहेबांकडे जा," ती म्हणाली. "तुम्ही गेला नाहीत तर मी जाईन. पण आधी मी त्याला सांगते."

ती स्वयंपाकघरातून लोखंडी दाराने पलीकडे गेली. सुतार पडवीत होता, नव्या तुरुंगात न्यायची बाकं दुरुस्त करत होता. तिने त्याला बसायला सांगितलं. तो बसेना, तेव्हा तीही उभीच राहिली आणि तिने कागद वाचून दाखवला, पहिल्या ओळीपासून शेवटच्या शिक्क्यापर्यंत.

तो म्हणाला, "परत वाचा."

तिने परत वाचला.

"तारीख कधीची?"

तिने सांगितली. सुताराच्या हातात रंधा होता, तो त्याने बाकावर आडवा ठेवला. "म्हणजे मी पेटी करत होतो तेव्हाची," तो म्हणाला.

"हो."

"तेव्हा मुलगी साडेतीन वर्षांची होती माझी."

मावशीला खूप बोलायचं होतं. येताना तिने मनात सगळं जुळवलं होतं. सुतार तिच्याकडे बघतही नव्हता. त्याने अंगावरचा भुसा झटकला, आपल्या कोठडीत गेला, आणि ज्या दाराची चौकट त्यानेच बसवली होती ते दार आतून ओढून घेतलं.

मॅजिस्ट्रेटचा हुकूम यायला चार दिवस लागले. ते चार दिवस मावशीने स्वतः त्याचं ताट वाढून खिडकीत ठेवलं आणि ते चारही दिवस ताट न हलता तिथेच राहिलं. शेजारच्या कोठडीतला कैदी आपल्यातलं त्याला देत होता. काकाने त्या चार दिवसांत दाढी केली नाही, आणि मॅजिस्ट्रेटसमोर तसाच गेला. त्याने काही लपवलं नाही, हे मात्र त्याच्या बाजूने सांगायला हवं. छताचंही सांगितलं.

पाचव्या दिवशी सकाळी सुतार बाहेर पडला. मावशीची इच्छा होती की त्याने घराच्या दारातून, पुढच्या पायऱ्यांवरून जावं. तो बाजूच्या फाटकानेच गेला, जिथून सगळे जातात. मावशी फाटकाशी उभी होती. तो तिच्यापाशी थांबला.

"बाई, मी चार दिवस तुमचं जेवलो नाही," तो म्हणाला. "तुम्हाला वाटेल, घास गिळवला नाही म्हणून. तसं नाही. रागाने जेवलो नाही. उगाच दुसरं काही समजू नका."

"नाही समजणार," मावशी म्हणाली.

चौकशी बसली. मावशीला बोलावलं. समोर सुतार आल्यापासूनची एकवीस वर्षांची रजिस्टरं रचून ठेवली होती. अधिकाऱ्याने विचारलं, हे अक्षर कुणाचं? ती म्हणाली, माझं. प्रत्येक पानावर? प्रत्येक पानावर. नियमाप्रमाणे जेलरच्या पत्नीने रजिस्टर लिहिणं हाच एक गुन्हा होता, त्याबद्दल काकावर ठपका आला. बाकीचा दोष मेलेल्या शिपायाच्या नावावर टाकण्यात आला, कारण त्याला काही विचारता येत नव्हतं. मावशी अधिकाऱ्याला म्हणाली, "तो बिचारा आम्हाला जपत होता." ते लिहून घेतलं गेलं नाही.

मग ती सुताराच्या घरच्यांना शोधायला लागली. सुतार स्वतः गेला नव्हता. लाकडाच्या वखारीत त्याला काम मिळालं होतं, तिथल्याच एका खोलीत तो राहत होता, आणि कुणी विषय काढला तर उठून जायचा. मावशी जुन्या पत्त्यावर गेली, तिथून भावाच्या गावी, तिथून परत दुसरीकडे. असं करत दोन महिन्यांनी ती एका चष्म्याच्या दुकानात पोचली. काउंटरमागे बावीस-तेवीस वर्षांची मुलगी काचा घासत होती. मावशीला नाव विचारावंच लागलं नाही. खांदे तसेच होते, जरा वाकलेले.

गिऱ्हाईक जाईपर्यंत मावशी बाकावर बसून राहिली. मग तिने सांगितलं, मी कोण आणि तुझे वडील कुठे होते.

मुलगी म्हणाली, "माझे वडील आम्हाला सोडून गेले."

"नाही, बाळा."

"आई कोर्टात जाऊन विचारून आली होती. त्याच्या आधी तुमच्या तुरुंगात आली होती, मी कडेवर होते. फाटकावरच्या माणसाने सांगितलं, आज भेट नाही, आठ दिवसांनी या. म्हणून ती कोर्टात गेली. तिथे कारकून हसला. म्हणाला, तुमचा माणूस तर सुटला की, हुकूम गेला. आई पळत घरी आली. घर झाडलं. वाट बघत बसली." काच घासायचं फडकं तिने हातावर गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. "तीन आठवडे बसली. मग शेजारणीने सांगितलं, स्टेशनवर दिसला होता म्हणे, कुणा बाईबरोबर. कशाला सांगितलं असेल तिने, देव जाणे. आई म्हणाली, जो सुटून घरी येत नाही त्याला मी आता तुरुंगात शोधायला जाऊ? मामा आम्हाला त्याच्याकडे घेऊन गेला. मी चौदा वर्षांची असताना ती गेली. शेवटी शेवटी दाराकडे पाठ करून निजायची. म्हणायची, तो आला तर मला दाखवू नका."

"रोज शिव्या घालत मेली ती त्यांना," मुलगी म्हणाली. "मीही घातल्या. लहानपणी रात्री झोपताना मुलं काहीतरी म्हणतात ना, तशा. त्या सगळ्या आता कुणाला घालू, सांगा ना?"

"मला घाल."

मुलीने तिच्याकडे बघितलं. "एवढं कसलं काम होतं तुमच्याकडे, की एक पाकीट फोडता आलं नाही?"

मावशी मला म्हणाली, "माझ्या जिभेवर आलं होतं गं. सांगावं, त्या आठवड्यात माझं मूल गेलं होतं. पण मग मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्यासमोर बसून विचारत होती, तिची आई गेली होती, बाप असून नव्हता. तिच्यापुढे मी माझं मूल कसं आणून ठेवू? ते हिशेबात धरल्यासारखं झालं असतं." ती फक्त म्हणाली, "चूक झाली." आणि वखारीचा पत्ता कागदावर लिहून दिला. मुलगी त्या अक्षराकडे बघत राहिली आणि म्हणाली, "छान आहे अक्षर." मावशीने त्या दिवसानंतर कधी कुणाला पत्र लिहिलं नाही. वाण्याची यादीसुद्धा ती मला सांगायची आणि मी लिहायची.

मुलगी वडिलांना भेटायला गेली. हे मला पुढे वखारवाल्याकडून कळलं. सुतार फळी कापत होता. कुणीतरी बाई कामासाठी आली असं वाटून तो म्हणाला, "बोला, काय करून हवंय?" तिने नाव सांगितलं. त्याने करवत ठेवली, हात पुसले, परत पुसले. मग म्हणाला, "बसा."

दर रविवारी ती यायला लागली. डबा आणायची. तो डबा संपवायचा, धुऊन द्यायचा. बोलणं फार नसायचं. जे असायचं ते अहो-जाहोचं. "तुम्ही कामाला कशाने जाता?" "तुमच्या मालकांना सांगून आलात ना?" एकदा तिने चिडून म्हटलं, "बाबा, मला तू म्हणा." तो म्हणाला, "हो, म्हणतो." आणि पुढच्याच वाक्याला म्हणाला, "तुम्ही पाणी घेणार का?" साडेतीन वर्षांच्या मुलीला तो तू म्हणत होता. समोर बसलेल्या बाईला कसं म्हणायचं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, आणि शिकायला लागते ती वर्षं आमच्या कपाटात पडून होती. सात वर्षं हे असं चाललं. मग त्याच्या छातीत पाणी झालं आणि तो दवाखान्यात गेला. शेवटच्या दिवशी तिने त्याला चमच्याने पाणी पाजलं, तर तो म्हणाला, "तुम्हाला उगाच त्रास." नंतर तो काही बोलला नाही.

काका तर त्याच्या आधीच, निवृत्तीच्या पुढच्या वर्षी गेला. झोपेत गेला असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून मावशी आमच्याकडेच असायची. जुन्या इमारतीत आधी जमिनीच्या कागदांची कचेरी आली, मग ती बंद पडली, मग नगरपालिकेने तिचा इतिहास लिहायला एक समिती नेमली. समितीचे दोन गृहस्थ वही घेऊन मावशीकडे आले. तिने त्यांना तीन तास बसवून सुताराचं सगळं सांगितलं. छापून आलेल्या पुस्तिकेत दगड कुठून आला, महापूर कुठल्या वर्षी आला, फाशीची जागा होती पण कधी वापरली गेली नाही, हे सगळं होतं. शेवटी एक ओळ होती: "इमारतीतील सुबक लाकूडकाम एका कैद्याने केलेले आहे." मावशीने मला ती दोनदा वाचायला लावली. मग म्हणाली, "एकोणीस वर्षं तो कैदी नव्हता. एवढं तरी लिहायचं." मी समितीला पत्र लिहिलं. पुढच्या आवृत्तीत बघू, असं उत्तर आलं.

सुताराच्या मातीला मावशी गेली होती. लांब उभी राहिली. सगळं झाल्यावर मुलगी तिच्यापाशी आली. "तुमच्या मुलाचं मला बाबांनी सांगितलं," ती म्हणाली. "पेटीचंही सांगितलं. तुम्ही त्या दिवशी दुकानात का नाही बोललात?"

मावशी म्हणाली, "काय बोलणार होते?"

"मला तुमचं वाईट वाटतं," मुलगी म्हणाली. "खरंच वाटतं. पण तुम्ही मला परत भेटू नका. तुम्हाला बघितलं की मला आई घर झाडताना दिसते."

मावशीने ते पाळलं. सत्तावीस वर्षं पाळलं. चष्मा बदलायचा झाला तरी ती गावातल्या दुसऱ्या दुकानात जायची, जिथे काचा कधीच धड बसवून मिळायच्या नाहीत.

मागच्या वर्षी मावशी गेली, एक्याऐंशी वर्षांची होऊन. शेवटचे काही आठवडे तिला दिवस-वार कळत नव्हता. सकाळी उठली की मला विचारायची, "आज एक तारीख का गं?" मी नाही म्हणायची. महिन्यातून एकदा हो म्हणावं लागायचं, तेव्हा ती अंथरुणावर उठून बसायची आणि रडायची, आणि का रडतेय ते तिला सांगता यायचं नाही. मग मी एक तारखेलाही नाही म्हणायला लागले.

ती गेल्यावर मी बराच विचार करून सुताराच्या मुलीला फोन केला. आता तीही पंचावन्नच्या पुढे आहे, दुकान तिचंच आहे. मी सांगितलं, मावशी गेली. पलीकडे कुणीतरी गिऱ्हाईक बोलत होतं, तिने त्याला थांबायला सांगितलं.

"त्यांनी तो कागद जाळला असता तर कुणाला कळलं नसतं," ती म्हणाली. "ते मी कधी विसरले नाही. पण मी येणार नाही. तुम्ही समजून घ्या."

मी म्हटलं, समजते.

"आणि कळवल्याबद्दल आभारी आहे," ती म्हणाली, आणि गिऱ्हाइकाकडे वळली असावी, कारण मला ऐकू आलं, "बोला, काय हवंय?" मग तिने फोन ठेवला.